सपरीतली हिब्रू

माझ्या बाबांना हिब्रू येत होती असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्या. गोंदियाजवळच्या कामठ्याला आमच्या घरापुढच्या सपरीत, त्या उघड्या पडवीत, एका हिवाळ्यात रोज सकाळी दोन सेंट्रिंग मिस्त्री समोरासमोर उकिडवे बसून ती भाषा बोलायचे आणि मी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरगी, मांडीवर वही घेऊन त्यांच्या चुका काढायचे. इस्रायलला इमारतींच्या कामासाठी माणसं पाहिजेत अशी जाहिरात निघाली होती. सेंट्रिंगवाले, लोखंड वाकवणारे, टाइल्सवाले, प्लास्टरवाले. वयाची अट होती. बाबा त्या अटीत जेमतेम बसत होते. पुढच्या खेपेला बसणार नव्हते. हीच एक खेप, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चुलीलाही माहीत असावं, कारण त्या महिन्यांत आई तिच्यात काड्या अशा कोंबायची की जणू चूलच फॉर्म भरून आली आहे.

बाबांना कायले जायचं होतं, ते आधी सांगते, कारण लोक लगेच पैशाचं बोलतात. पैसा होताच, पण बाबांनी त्याचं नाव कधी सगळ्यांत आधी घेतलं नाही. गोंदियातल्या अर्ध्याअधिक नव्या इमारतींचे स्लॅब बाबांनी उभ्या केलेल्या बल्ल्यांवर, लाकडी टेकूंवर, ओतले गेले आहेत. बल्लीला हातोडीनं एक टोला मारून ती भार घेऊन राहिली की नुसती उभी आहे, हे ते आवाजावरून सांगायचे. आणि साईटवर त्यांचं नाव काय होतं? 'ए टोपी'. डोक्याला लोकरीची टोपी असायची म्हणून. ठेकेदार टोपी म्हणायचा, मुनीम टोपी म्हणायचा, काल लागलेलं पोरगंसुद्धा टोपी म्हणायचं. "तठी म्हणते कार्ड देते," बाबा म्हणाले. "फोटोचं. खाली लिवलेलं राहते, शालिक, सेंट्रिंग मिस्त्री. गळ्यात घालाचं."

"तठी लढाई होऊन राहिली," आई म्हणाली, "अन् तुमी गळ्यात कार्ड घालाले जाता? बॉम्ब का कार्ड पाहून पडते?"

"अठी का फुलं पडून राहिले माह्या डोस्क्यावर?"

 मागच्याच पावसाळ्याच्या तोंडाशी बाबांच्या साईटवर एक जण तिसऱ्या मजल्यावरून पडला होता. ठेकेदार दुसऱ्या दिवशी आला आणि उरलेल्यांना म्हणाला, पाय सांभाळून टाकत जा. एवढीच त्याची चौकशी.

माझी अडचण वेगळी होती. मी तेव्हा गोंदियातल्या एका लहानशा कामगार संघटनेत पत्रकं लिहायचे. चार जणांची संघटना, एक उसनं टेबल, झेरॉक्सवाल्याकडे खातं. जाहिरात निघाली त्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं होतं: आमची माणसं लढाईत पाठवणारे तुम्ही कोण? त्यात मी लिहिलं होतं की ज्या जागा भरायला आपल्याला बोलावतात त्या रिकाम्या पडलेल्या नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी मजुराला दाराबाहेर ठेवून रिकाम्या केलेल्या आहेत. की ज्या सरकारला आपल्या मिस्त्रीला इथं एक हेल्मेट देता येत नाही ते त्याला परक्याच्या लढाईत धाडतं आणि वर त्याला संधी म्हणतं. आजही यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पत्रक छापून आलं त्या दिवशी बाबा आणि सपरीतले ते दुसरे मिस्त्री, चैतराम काका, फॉर्म भरून आले. संघटनेतला प्रमोद म्हणाला, "वा! पत्रकाची पहिली प्रत घरीच दे ना." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रविवारी सकाळी बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून त्यांच्या हिब्रूच्या वर्गाला मीच गेले, कारण बाबांना वहीत लिहून घ्यायची सवय नव्हती आणि चैतराम काकांना चष्मा नव्हता.

वर्ग एका कोचिंगच्या वरच्या खोलीत भरायचा. शिकवायला राकेश सर होते. तिकडे कितीतरी वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करून परत आलेले, मऊ आवाजाचे, हिंदी बोलणारे. बाकांवर पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांच्या नखांत सिमेंट. सरांनी व्याकरण असं कधी शिकवलंच नाही, कामावरची वाक्यं शिकवली आणि व्याकरण त्यांच्या मागून आलं. पहिलं वाक्य, अनी ओवेद. मी काम करतो. "औरत बोलेगी अनी ओवेदेत," सर म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे करतो अन् करते. आपल्यासारखंच तं होय." मग सरांनी सांगितलं की ओवेद म्हणजे काम करतो आणि ओवेद म्हणजेच कामगार, शब्द एकच. मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. माणूस आणि त्याचं काम यांना दोन शब्दसुद्धा द्यायचे नाहीत! पत्रकाला हे चांगलं आहे, असं मनात आलं. मला तेव्हा सगळंच पत्रकाला चांगलं दिसायचं.

पुढं सरांनी सांगितलं की त्या भाषेत 'आहे' म्हणायचंच नाही. हातोडा इथं, बस्स. हा-पतीश पो. पतीश म्हणजे कुठलाही हातोडा, हा-पतीश म्हणजे तो आपल्याला माहीत असलेला, काल ठेवलेला. असण्याला येश, नसण्याला एन. येश मायिम, पाणी आहे. एन मायिम, पाणी नाही. माझ्याकडे आहे म्हणायचं तर येश ली, मला आहे. आणि 'ला' म्हणायला शब्दाआधी 'ले' लावायचं, हे सरांनी सांगितलं तेव्हा बाबा बाकावरून अर्धे उठलेच. "अरे, हे तं आपलं 'ले' होय गा चैतराम! मले, तुले, बापाले. फक्त मांगचं समोर लावाचं!" साऱ्या वर्गानं एकदम 'ले ले' केलं. सर पण हसले. माझ्या मराठीच्या प्राध्यापिका बाईंनी ज्या 'ले'बद्दल मला वर्गात दोनदा उभं केलं होतं, ते 'ले' असं साता समुद्रापार चालताना पाहून माझा ऊर भरून आला. त्या हिवाळ्यातला निखळ आनंदाचा असा तो एकच क्षण मला आठवतो. बाकी सगळं त्यानंतर उतरत गेलं.

सरांनी दिलेल्या झेरॉक्सच्या पुस्तिकेत नाही म्हणायच्या तीन तऱ्हा होत्या. वस्तू नसेल तर एन. मी करत नाही, तर लो. आणि करू नको, तर अल. घरी आल्यावर मी पेन्सिल घेऊन बसले आणि कोणतं 'नाही' कुणाच्या तोंडी घातलं आहे ते पाहत गेले. अल सगळे मुकादमाचे. इथं उभा राहू नको, फोनवर बोलू नको, उशिरा येऊ नको. एनसुद्धा त्याचेच. वेळ नाही, सुटी नाही. मजुराच्या तोंडी काय? केन, म्हणजे हो. बेसेदेर, ठीक आहे. मियाद, आत्ता करतो. तोदा, आभार. चाळीस वाक्यांत मजूर एकदाही लो म्हणत नाही! मी करत नाही, मी जात नाही, मी चढत नाही, असं एकही वाक्य नाही. मी सरांना विचारलं. ते खाली पाहत म्हणाले, "बेटा, मैंने वहाँ पूरे टाइम में कितनी बार 'लो' बोला, उँगली पे गिन सकता हूँ. उसके बिना चल जाता है." त्यांचं ते 'चल जाता है' मला झोंबलं. आज वाटतं, त्या खोलीत खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

मी एक पान तयार केलं. शब्द सरांनाच विचारून घेतले, पण कायले पाहिजेत ते सांगितलं नाही. आणि ते पान पाठ करून घ्यायची तऱ्हा मी निवडली ती आमच्या गावाची. दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा गावातलीच माणसं नाटक करतात. बाबा आणि चैतराम काका ही त्यातली जुनी जोडी. चैतराम काका नेहमी जुलमी मालक, बाबा नेहमी त्याला जाब विचारणारा. त्यांना नाटक पाठ नसायचं, जोडी पाठ असायची. समोरच्याच्या वाक्याचं शेपूट कानावर पडलं की आपलं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर. एकट्या बाबांना कुणी त्यांचं भाषण म्हणायला सांगितलं तर एक शब्द फुटायचा नाही. म्हणून मी त्यांना तसंच लिहून दिलं. मालक: तआले लेमाला. वर चढ. मजूर: लो. एन ली कास्दा. झे मेसुकान. अनी लो ओले. नाही. मला हेल्मेट नाही. हे धोक्याचं आहे. मी चढत नाही. अशी सात-आठ सवाल-जवाबांची पानभर यादी. पाण्याची, सुटीची, पाठदुखीची. पण बाबांना आवडलं ते चढायचं.

सकाळी कामावर निघायच्या आधी तालीम. आई तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते घालायची, पीठ तव्यावर पडल्याचा चर्र आवाज, बाहेर कुणाची तरी मोटरसायकल थंडीनं उठत नसायची, आणि सपरीत चैतराम काका नसलेल्या मिशीला पीळ देत गरजायचे, "तआले लेमाला!" बाबा उजवा हात वर करून, छाती काढून, "लो!" म्हणायचे. असं 'लो' म्हणायचे की शेजारची म्हैस मान वळवून पाहायची. आयत्याचा तुकडा दुधात बुडवताना चैतराम काका म्हणायचे, "शालिक, तुह्यासारखा मजूर भेटला तं मालक पळूनच जाईन गा." आई आतून म्हणायची, "अठच्या ठेकेदाराले म्हणा ना एखादवेळी. त्याले मराठी समजते." बाबा हसायचे आणि ताट पुढं करायचे. मला फार बरं वाटायचं. आपला बाप एका परक्या भाषेत का होईना, नाही म्हणतो आहे. मी ते पान वर्गातल्या आणखी दोघा-तिघांना झेरॉक्स करून दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि बहुधा विसरले. एक गोष्ट मी केली नाही. हेल्मेट असेल तेव्हा काय म्हणायचं, ते मी त्या पानावर लिहिलं नाही. 'हो' पुस्तिकेत भरपूर होते, मी आणखी एक कायले लिहू, असं वाटलं. माझी पत्रकाची सवय. पत्रकात आपण 'हो' लिहीत नाही.

निवडीची चाचणी नागपूरला एका संस्थेच्या आवारात होती. मी डबा घेऊन सोबत गेले आणि फाटकाबाहेर थांबले. आत जे झालं ते मी पाहिलेलं नाही. चैतराम काकांनी नंतर सांगितलं तसं, त्यांच्याच तोंडून, लिहिते. सगळ्यांना आत जाताच पिवळी हेल्मेटं दिली. कॉलमचा साचा उभा करायचा होता. बाबांचा सगळ्यांत आधी झाला. बाहेरदेशचा तपासनीस होता, लाल गालांचा, अर्ध्या चड्डीतला. त्यानं लेव्हल लावून पाहिलं, ओळंबा सोडला आणि अंगठा वर केला. बाबांनी त्याला म्हटलं, शालोम, अनी ओवेद. तो खूश. सोबतच्या दुभाष्याला म्हणाला की या माणसाला भाषा येते. आता फक्त मचाणावर चढून दाखवायचं राहिलं होतं, उंचीची भीती आहे का ते पाहायला. दुभाष्यानं सांगायच्या आधी तो लाल गालांचा माणूसच हौसेनं, मचाणाकडे बोट करून म्हणाला, "तआले लेमाला."

"मी मांगंच उभा होतो," चैतराम काका म्हणाले. "मले समजलं आता का होते ते. शालिकनं हात वर केला. छाती काढली. मी म्हटलं, अरे नाई गा, नाई! पन तवर त्याचं सुरू झालं होतं. लो! एन ली कास्दा! सगडं. येक अक्षर इकडचं तिकडं नाई. डोस्क्यावर हेल्मेट घालून."

तपासनिसानं स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवला, बाबांच्या हेल्मेटकडे बोट केलं, आणि सावकाश, समजावून सांगावं तसं पुन्हा म्हणाला, तआले लेमाला. मंडईत मागच्या रांगेला ऐकू आलं नाही की लोक 'आवाज!' म्हणून ओरडतात, आणि नट तेच वाक्य पुन्हा, चढ्या आवाजात टाकतो. बाबांनी तेच केलं. जास्त मोठ्यानं. रांगेतले लोक हसले. दुभाष्यानं विचारलं, "इनको ऊँचाई से डर लगता है क्या?" बाबांचा हात तसाच वर होता. एवढं म्हणून झाल्यावर पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. तपासनिसानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. पुढचे चैतराम काका. ते माकडासारखे चढले.

बाबा फाटकातून बाहेर आले तेव्हा हेल्मेट परत घेतलेलं होतं आणि केस घामानं चिकटलेले होते. "डोस्क्यावर होतं बेटा," ते म्हणाले. "मले आठोलंच नाई का डोस्क्यावर हाय." मी फाटकावरच्या माणसाला म्हणाले, मला आत जाऊ द्या, मला समजावून सांगायचं आहे, चूक माझी आहे. पत्रक वाचून दाखवताना येतो तो सगळा आवाज मी तिथं काढला. तो माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मॅडम, सबका यही रहता है," तो म्हणाला. आम्ही झाडाखाली बसून डबा खाल्ला. लाखोरीच्या डाळीचे वडे होते. बाबांनी चैतराम काकांसाठी दोन काढून ठेवले.

यादी लागली. चैतराम काका होते, बाबा नव्हते.  आईच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव ती लपवू शकत नव्हती आणि बाबांकडे पाहून तिला त्याची लाजही वाटत होती. ती आठवडाभर कुणाच्याच डोळ्यांत पाहत नव्हती. प्रमोद म्हणाला, "डोकं चालवलंस! बापाला बरोबर वाचवलंस." तो मला शाबासकी देत होता! गावातही काही जण अजून असंच समजतात, की मी ते मुद्दाम केलं. मी मुद्दाम केलं नाही. मी मनापासून शिकवलं आणि चुकीचं शिकवलं. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच चढायचं होतं त्याला मी न चढण्याचं वाक्य दिलं, आणि त्याच्या तोंडून ते ऐकताना माझ्याच कानांना गोड वाटत होतं. हे मी आणखी काही वर्षं थांबून, केस पिकल्यावर, शांतपणे लिहावं असं मला सांगणारे आहेत. शांतपणा येईल असं मला वाटत नाही.

चैतराम काकांचा फोन आला की बाबा सपरीतल्या खांबाला टेकून बसायचे आणि फोन मला धरायला सांगायचे. काकांनी पहिल्याच खेपेला गळ्यातलं कार्ड कॅमेऱ्याजवळ आणून दाखवलं, इतकं जवळ की नुसतं पांढरं दिसलं. "अठी प्लेटा लोखंडाच्या हायत गा शालिक. बल्ल्या नाईच. सगडे जॅक." बाबा प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायचे. जॅक किती उंचीचा, किती अंतरावर लावतात. मी विचारलं, काका, माझी वाक्यं उपयोगी पडतात का? ते म्हणाले, "हेल्मेटाचं काम नाई पडत बेटी. हेल्मेट नसन तं तेच चढू देत नाई. बेल्टपन देते. अन् भोंगा वाजला का भितीपाशी पालथं पडाचं, तेचं तं वाक्यच नाई. कोनी कोनाले काही म्हनत नाई. आमी पडतो, तेपन पडते." मागं काहीतरी वाजलं आणि फोन कटला. बाबा त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर काळजी होती तितकाच हेवाही होता. मी शपथेवर सांगते, हेवा होता.

पुढच्या खेपेची जाहिरात आली तेव्हा बाबा अटीच्या बाहेर गेले होते. आता ते गोंदियात एका पाच मजली इमारतीवर आहेत. हेल्मेट नाही, बेल्ट नाही, आडवी जाळी नाही. ठेकेदार दुसरा, रीत तीच. यंदा आमच्या संघटनेनं बांधकामावरच्या सुरक्षेचं पत्रक काढलं. मीच लिहिलं. आता मी पूर्वीपेक्षा चांगलं लिहिते, वाक्यं लहान ठेवते. वाटायच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे बांधताना बाबा येऊन बसले. एक पत्रक उचलून त्यांनी वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत वाचलं.

"चांगलं लिवलं," ते म्हणाले. मग पत्रक परत गठ्ठ्यावर ठेवून त्याच्या कडा जुळवल्या. "माह्या साईटवरबी येऊन राहिली का तू?"

"हो. सगळ्याच साईटवर."

"तेवढी येक राहू दे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ठेकेदाराले माहीत हाय तू कोनाची पोरगी होय ते. या वयात मले दुसरीकडं कोन घेईन?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि प्रमोद बसस्टँडपासून सुरू करून एकेक इमारत घेत गेलो. बाबांच्या इमारतीपाशी आले तेव्हा प्रमोद समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला होता. वर चौथ्या मजल्याच्या काठावर, बाहेर निघालेल्या फळीवर दोन माणसं प्लेटा लावत होती. खालून कोण कोणता ते ओळखू येत नव्हतं. मी गठ्ठा पिशवीत टाकला आणि रस्ता ओलांडला.

"ती इमारत राहिली का?" प्रमोदनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तिथं वाटून झालं."